चौतीस अंशांची नोंद

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत मी एका लॅपटॉपच्या बॅटरीची आणि तिच्या योगाने मला उमगलेल्या माझ्या एका चुकीची हकीकत सादर करणार आहे. हकीकतीत विज्ञान येईल. ते जितके मला कळले आहे तितकेच आणि जितके लागेल तितकेच येईल. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. पुढील ज्ञान मी सोल्डरिंगच्या धुरात आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांत मिळवले. तेव्हा शब्दांत उणे दिसल्यास ते माझे समजावे. हकीकतीत उणे नाही.

हे वर्ष २०४३ आहे. नवीन लिथियम दुर्मीळ झाल्यापासून लॅपटॉपची बॅटरी ही फेकून देण्याची वस्तू राहिलेली नाही. पुनर्वापर नियमाप्रमाणे जिची क्षमता मूळच्या सत्तर टक्के अथवा अधिक असेल ती दुसऱ्याला वापरण्यास देता येते. एकोणसत्तर असेल तर ती चुऱ्याच्या कारखान्यात जाते. काठावरच्या बॅटऱ्यांचा निवाडा करण्यासाठी सरकारने नोंदवाचक नेमले आहेत. मी, अंबादास येमूल, सोलापूरच्या साखर पेठेत बसून निम्म्या महाराष्ट्राच्या काठावरच्या बॅटऱ्या वाचतो.

वाचतो म्हणजे काय, तेही सांगतो. भरलेल्या बॅटरीत लिथियमचे सर्व कण एकाच बाजूच्या कोठारात दाटीवाटीने कोंबलेले असतात. त्या दाटीत उष्णता मिळाली की कोठाराच्या भिंतीवर एक पापुद्रा धरतो, तो जाड होत जातो आणि कणांची वाट अडवतो. यालाच बॅटरीचे म्हातारपण म्हणतात. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकास सांगतो की, चार्जिंग ऐंशीवर थांबेल अशी सेटिंग ठेवा, विसाच्या खाली उतरू देऊ नका, पडद्याचा उजेड कमी ठेवा, तीन महिन्यांनी पंख्याची जाळी साफ करा आणि लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवू नका. खालची हवा कोंडते.

दहा वर्षांपूर्वी बॅटरीत नोंदपेशी आली. बोटाच्या नखाएवढी ती चकती दर मिनिटाला बॅटरीची उष्णता, भरती आणि विजेचा दाब लिहून ठेवते. लॅपटॉप बंद असला तरी ती झोपत नाही, आणि तिच्यातील अक्षर कोणालाही खोडता येत नाही. हेतू चांगला होता. मालकाच्या सवयी ओळखून लॅपटॉपने स्वतःच सेटिंग बदलावी आणि बॅटरीचे आयुष्य वाढवावे, एवढाच तो होता. परंतु ज्या कागदावर माणसाची सवय लिहिलेली आहे, तो कागद इतर लोक वाचल्यावाचून कसे राहतील? आधी कचेऱ्यांनी नोकरी देताना नोंद मागितली. मग आमच्या समाजात लग्न जुळवताना पत्रिकेसोबत बॅटरीची नोंद मागण्याची रीत पडली. मुलगी नीटनेटकी आहे काय, मुलगा उधळा आहे काय, हे म्हणे तीत दिसते.

या रीतीचा मी कडवा समर्थक होतो, आणि येथूनच माझ्या चुकीस आरंभ होतो.

चार वर्षांपूर्वी माझी एकुलती मुलगी वरलक्ष्मी हिला पाहण्यास पाहुणे आले होते. घरात आम्ही तिला वरू म्हणतो. चहा झाला, पोहे आले, आणि मुलाचे काका मला म्हणाले, "येमूल, तुम्ही स्वतः सरकारी वाचक. मग पोरीची नोंद दुसऱ्याकडून कशाला वाचून घ्यायची? वाचा की आमच्यासमोर!"

मला अभिमान वाटला. मी वरूचा लॅपटॉप माझ्या यंत्राला जोडला आणि मोठ्याने वाचू लागलो. ऐंशीची मर्यादा पाळलेली होती. जाळी वेळेवर साफ केलेली होती. काका मान डोलावत होते. नंतर मी दिवसाची नोंद वाचली. गेले चौदा महिने, सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते चार, उष्णता त्रेचाळीस अंश. विजेच्या दाबात दर काही मिनिटांनी खड्डा. असा खड्डा यंत्रमाग सुरू होताना पडतो, हे सोलापुरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही.

"हे कॉलेज नव्हे," मी सर्वांसमोर म्हणालो. "ही मागाची पत्र्याची शेड आहे."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. वरूने फक्त माझ्याकडे पाहिले.

"नाना, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

तिने हिशेबशास्त्राचे कॉलेज सोडले होते आणि ती एका कारखान्यात बसून मागांना कमी वीज लागावी यासाठी प्रोग्रॅम लिहीत होती, हे मला नंतर त्या कारखान्याच्या मालकाकडून कळले. तो तिची स्तुती करण्यासाठी आला होता. तोवर वरू घर सोडून गेली होती. लॅपटॉप तिने माझ्या टेबलावर ठेवला होता, मर्यादेप्रमाणे ऐंशी टक्के भरून.

ती कोठे आहे हे तिच्या आईला, म्हणजे शकुंतलेला, ठाऊक होते. मी विचारले की शकुंतला म्हणे, "बरी आहे. एवढंच सांगायची परवानगी आहे." मी चार वर्षे त्यापुढे विचारले नाही. माझी नोंद खरी होती, खऱ्याबद्दल मी काय म्हणून नमावे, असे मी स्वतःस बजावीत असे. आणि तरीही दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजले की माझी मान वर होत असे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी जुन्या यंत्रांचे व्यापारी बशीर शेख नऊ लॅपटॉपांची पेटी घेऊन आले. नियमाप्रमाणे मालकांची नावे झाकलेली होती.

"येमूल, यातला राखाडी जरा बघा," ते म्हणाले. "मीटर एकोणसत्तर दाखवायलाय. एक टक्क्यासाठी चुऱ्यात घालवायचा म्हणजे पाप आहे ओ. एवढा जपून वापरलेला माल मी बघितलेला नाही."

"मीटरवर जाऊ नका, बशीरभाई. जपून वापरणाऱ्याचंच मीटर चुकतं."

हे खरे आहे. बॅटरीचे मीटर क्षमता मोजत नाही; किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली यावरून अंदाज बांधते. बॅटरी कधी पूर्ण रिकामी आणि कधी पूर्ण भरलेली पाहिली, तर तो अंदाज सुधारतो. जो मालक नेहमी वीस ते ऐंशीमध्येच राहतो, त्याच्या मीटरला तळ दिसत नाही आणि माथाही दिसत नाही. त्यामुळे जिची निगा उत्तम राखली तीच बॅटरी कागदावर कमी भरते. अशा वेळी खरा आकडा काढण्यासाठी वाचकाला पूर्ण नोंद उघडण्याचा अधिकार आहे. मी तो बजावला.

नोंद चार वर्षांची होती आणि ती वाचताना मला आनंद झाला. माझ्याच पाठावर कोणी चालावे तशी ती होती. ऐंशीची मर्यादा, दर तीन महिन्यांनी जाळी साफ झाल्यावर उतरलेली उष्णता, सुट्टीवर जाताना पन्नासावर ठेवलेली भरती. बशीरभाई चहा पीत होते. मी त्यांना कौतुकाने आकडे ऐकवत होतो. आणि एकाएकी मला तो चढ दिसला.

वर्षातून एकच दिवस हा मालक सर्व शिस्त मोडत होता. बॅटरी शंभर टक्के भरून, लॅपटॉप बंद करून, ती वीस तास तशीच ठेवत होता. त्या वीस तासांत फक्त बॅटरीच्या डाव्या बाजूच्या वीजपेशी तापत. तीन वेळा तापत आणि तीन वेळा निवत. उजव्या बाजूस काही नाही. यंत्राने त्यापुढे शेरा मारला होता: अनियमित अतिताप, कारण अज्ञात. दर वर्षी तारीख वेगळी होती, त्यामुळे यंत्राला मेळ लागत नव्हता.

मी भिंतीवरचे जुने पंचांग काढले. चारही तारखा खंडेनवमीच्या होत्या.

वाचकहो, त्या दिवशी हत्यारांची पूजा घरोघरी होते. परंतु आमच्या घरात माझे वडील नरसय्या हे हातमाग विणत. आडवा दोरा नेणारा धोटा प्रथम डावीकडून सुटतो म्हणून ते मागाच्या डाव्या अंगालाच दिवा लावत आणि दिवसातून तीन वेळा त्यात तेल घालत. माग गेले, दुकान आले, तरी मी ती रीत सोडली नाही. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला दिवा ठेवू लागलो. शिवाय देवापुढे अपुरे ठेवू नये म्हणून त्या दिवशी बॅटरी शंभर टक्के भरत असे. लोकांना ऐंशी सांगणारा मी, स्वतः शंभर भरून शेजारी दिवा लावत असे. वरू लहानपणी टाळ्या पिटून हसायची. "नाना, देवाला ऐंशी चालत नाही होय?" असे विचारायची, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढून द्यायची.

सबंध सोलापुरात असा मूर्खपणा करणारे घर एकच होते.

"काय झालं ओ?" बशीरभाईंनी विचारले. "वाचायचं का थांबवलात?"

"काही नाही. तुम्ही उद्या या."

ते गेले. नियम स्पष्ट होता: नाते आढळताच वाचन थांबवावे. मी थांबलो नाही. दुकानाचे शटर भर दुपारी अर्धे ओढून घेतले आणि पुढे वाचत राहिलो. चार वर्षे ज्या मुलीचा आवाज ऐकला नव्हता, तिचे चार वर्षांचे प्रत्येक मिनिट माझ्यासमोर होते. दोन हिवाळ्यांत पहाटेची उष्णता सहा अंशांवर आलेली. महाराष्ट्रात दर थंडीत ज्या गावाचा पारा वर्तमानपत्रात छापून येतो, ते गाव मला तत्काळ आठवले. निफाड. द्राक्षांचा मुलूख. ती सुखरूप आहे, कामात आहे, असे प्रत्येक ओळ सांगत होती, आणि मी अधाशासारखा पाने उलटत होतो.

मग गेल्या सात महिन्यांची नोंद आली.

ऐंशीची मर्यादा काढून टाकलेली. खंडेनवमीचा दिवस वगळता रोज सकाळी आठपासून सायंकाळपर्यंत लॅपटॉपची खालची बाजू एकसारखी चौतीस अंश. ना तेहतीस, ना पस्तीस. टेबल असे तापत नाही, गादीही असे तापत नाही. माणसाच्या शरीरात सदतीस अंश असतात; कापडातून ते बाहेर येईतो चौतीस उरतात. म्हणजे सात महिने हा लॅपटॉप कोणाच्या तरी अंगावर होता. आडव्या पडलेल्या माणसाच्या. आणि शेवटी भरती उतरत उतरत तीन टक्क्यांवर आली, कोणी चार्जर लावला नाही, आणि एकोणीस दिवस बॅटरीला कोणाचा हात लागलेला नव्हता.

विसाच्या खाली उतरू देऊ नये, हे मी तिला ती सात वर्षांची असताना शिकवले होते.

मी घरात धावलो. घर दुकानाच्या मागेच आहे. शकुंतला उखळात शेंगांची चटणी कुटत होती.

"शकू, वरू आजारी आहे! सात महिने अंथरुणावर आहे. एकोणीस दिवसांपूर्वी तिला काहीतरी झालंय. तू मला सांगितलं नाहीस? मला?"

तिच्या हातातली मुसळी थांबली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नोंदीत आहे. चौतीस अंश! निफाडला आहे ती, होय ना? काय झालंय तिला? बोल!"

तिने पदराने घाम पुसला आणि जी हसली, की हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"अहो, घरात आठ दिवस डिंक तळायलेय मी. ती नोंद नाही वाचलात होय?"

"तो तर शेजारच्या कोंडाबाईच्या सुनेसाठी..."

"कोंडाबाईची सून पन्नाशीची आहे!"

मी उंबऱ्यावर बसलो.

"मुलगी झालीय तिला," शकुंतला म्हणाली. "एकोणीस दिवसांची. डॉक्टरांनी सात महिने उठू दिलं नाही. पण ऐकणार ती वरू कसली! पडल्या पडल्या द्राक्षांच्या शीतगृहांचे प्रोग्रॅम लिहिले, लॅपटॉप मांडीवर घेऊन. कळा सुरू झाल्या तेव्हा कोण बघतंय चार्जर लावलाय का नाही."

"लग्न?"

"मागल्या वर्षी मी बार्शीला लग्नाला गेले होते ना? ते बार्शीचं नव्हतं. कैलास नाव आहे त्याचं. शीतगृहात मेकॅनिक आहे. चांगला आहे."

मला राग यावयास हवा होता. मी तो आत शोधला, परंतु सापडला नाही. मी दुसऱ्यांदा तिची नोंद अक्षर न अक्षर बरोबर वाचली होती आणि दुसऱ्यांदा तिच्याबद्दलचा माझा निष्कर्ष चुकला होता. सगळे आकडे खरे होते. फक्त मी तिला विचारले नव्हते.

"मी जातो," असे म्हणून मी उठलो. "आत्ता निघतो. निफाड लहान आहे, शीतगृहांत चौकशी केली की..."

"बसा खाली!" शकुंतलेचा आवाज चढला. "पुन्हा तेच? शोधून काढणार, दारात उभं राहून तिला तिचं सगळं वाचून दाखवणार? तिनं मला एकच सांगितलंय. नानांनी नोंद बघून विचारलं तर काही बोलू नको. नोंद बाजूला ठेवून विचारलं तर नंबर दे."

दुकानात यंत्र अजून चालू होते. नोंदीची, मी नुसती चाळलेली, सहा पाने वाचायची उरलेली होती. त्यात प्रसूतीच्या आधीचे सर्व दिवस होते. माझा हात बटणावर गेला, मागे आला, पुन्हा गेला. असे किती वेळा झाले ते मला सांगता येणार नाही. अखेरीस मी तार काढली आणि सरकारी फॉर्म समोर घेतला. क्षमतेच्या रकान्यात काही लिहिले नाही. खाली 'वाचन नाकारल्याचे कारण' असा रकाना आहे, त्याखाली 'मालकाशी नाते' असा दुसरा. मी तेथे 'मुलगी' असे लिहिले. चार वर्षांत तो शब्द मी कोठे लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बशीरभाईंनी फॉर्म वाचला. "अहो, नाव तर झाकलेलं होतं. तुम्हाला कळलं कशावरून?"

"दिव्यावरून."

त्यांना काय कळले कोण जाणे. नियमाप्रमाणे नाकारलेली बॅटरी आठ दिवसांत मालकाच्या हाती परत द्यावी लागते. "द्या इकडं, माझी गाडी शुक्रवारी नाशिकला चाललीय," ते म्हणाले. मी लॅपटॉप छातीशी धरला. नियमात 'हाती' असे म्हटले आहे; कोणाच्या हाताने, ते म्हटलेले नाही.

त्यानंतर मी शकुंतलेकडे नंबर मागितला. नोंदीबद्दल एक शब्द न काढता मागितला. तिने तो आधीच चिठ्ठीवर लिहून डिंकाच्या डब्याखाली ठेवला होता.

तीन वेळा घंटी वाजल्यावर आवाज आला.

"कोण?"

"वरू, मी बोलतोय. नाना."

"वाचलात का?" तिने विचारले.

"अर्धी वाचली. वाचायला नको होती."

"आणि उरलेली?"

"उरलेलं तू सांग. सांगावंसं वाटलं तर." "मी येऊ का, वरू?"

मागे एक बारीक, चिडका, नवा आवाज रडत होता.

"आईला म्हणावं चटणी पण दे," ती म्हणाली. "आणि नाना, चारला पोचणारी गाडी घेऊ नका. तेव्हा ती झोपलेली असते. आधीची घ्या."

सकाळी सहाच्या बसने निघालो. वरच्या फळीवर उन्हाने तापणारा पत्रा होता, पायाखाली इंजिनाची उष्णता होती. दोन्ही जागा बॅटरीला घातक. मी लॅपटॉप सोलापुरी टॉवेलात गुंडाळला आणि मांडीवर घेतला. नगर गेले, संगमनेर गेले. तिला काय म्हणावे, याची सोळा वाक्ये मी तयार केली आणि सोळाही मोडली. तिने दारच उघडले नाही तर? उघडून पुन्हा तसेच पाहिले तर? मांडीवर ती नोंदपेशी जागी होती, आणि दर मिनिटाला तीत काय उतरत आहे हे मला ठाऊक होते.

दार कैलासने उघडले. वाकून नमस्कार केला. आत वरू भिंतीला टेकून बसली होती, बारीक झालेली, केस आवळून बांधलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. सतरावे वाक्यही मला सुचले नाही. मी टॉवेल उलगडून लॅपटॉप तिच्या हाती दिला.

तिने तो उघडला, चार्जर लावला, काही बटणे दाबली. पडद्याचा उजेड तिने आधी कमी केला. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"सव्वाआठ तास चौतीस अंश? नाना, सोलापूरपासून मांडीवर घेऊन बसला होतात?"

"वर पत्रा तापला होता."

"मांडीवर ठेवू नये. खालची हवा कोंडते. बॅटरी खराब होते." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, तिच्या ओठाचा एक कोपरा मात्र हलत होता. "कोणी शिकवलंय माहीत आहे ना?"

"तुला ठाऊक होतं? ही बॅटरी माझ्याकडे येणार ते?"

"काठावरच्या सगळ्या तुमच्याकडेच येतात, नाना. मीटर एकोणसत्तरवर आलेलं बघूनच मी ती दिली."

मग तिने लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवला, पाळण्यातून ते गाठोडे उचलले आणि माझ्यासमोर धरले.

"हिला घ्या आता तिथं. मांडी गरम आहे तुमची."

एकोणीस दिवसांची, नव्हे, तोवर एकवीस दिवसांची ती मुलगी माझ्या मांडीवर आली, कुरकुरली आणि झोपली. चौतीस अंश. खोलीत ते लिहून ठेवणारे कोणतेही यंत्र नव्हते.

ही हकीकत येथे पूर्ण होते. ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, त्यांचे मी हात जोडून आभार मानतो. आपल्या बॅटऱ्या ऐंशीवर थांबवाव्यात, जाळ्या साफ ठेवाव्यात, आणि घरच्या माणसास जे विचारायचे असेल ते त्यालाच विचारावे, एवढे बोलून आपली रजा घेतो.

आपला नम्र,
अंबादास नरसय्या येमूल
साखर पेठ, सोलापूर